अंगावरचं, वरचं आणि डाव्या बाजूचं गळू

शिरूरला मुलीच्या लसीसाठी नंबर लावून बसले होते. शेजारी विशी-बाविशीची एक पोरगी, मांडीवर दीड महिन्याचं बाळ. पावडरचा डबा पिशवीतून वर डोकावत होता, तो तिने ओढणीने झाकला. थोड्या वेळाने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही अंगावर पाजलं का वरचं दिलं?" मी म्हणाले, "दोन्ही." तिने डोळे मोठे केले. "दोन्ही चालतंय?" मी सांगायला तोंड उघडलं तोच तिचा नंबर आला. बाहेर आली तेव्हा बाळ टोचल्यामुळे किंचाळत होतं आणि नवरा गाडी चालू करून उभा होता. बोलणं राहिलं ते राहिलंच.

तिच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे आईच्या दुधाला अंगावरचं म्हणतात. बाकी जे काही वाटी-चमच्याने किंवा बाटलीने जातं, गाईचं असो की पावडरचं, ते सगळं वरचं. मी काही डॉक्टर नाही. शिक्रापूरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आलेला पार्ट गेजला लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. हे काम सात वर्षं केलं की माणसाचा आकड्यांवर फार विश्वास बसतो. मला तो चांगलाच महागात पडला.

"दूध हाय का?"

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यानंतर मी खुटबावला आले. सासर कवठे येमाईचं, पण मी आणि नवरा संदीप शिक्रापूरला खोली घेऊन राहतो, कारण दोघांच्याही कंपन्या तिथेच. खुटबावला आईअण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. गावातले लोक सकाळ-संध्याकाळ तिथे दूध घालतात, अण्णा मोजून घेतात आणि आई फॅटचं मशीन बघते. लहानपणापासून मी दुधाच्या वासात वाढले आणि आपल्याला कधी दुधाची अडचण पडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

दौंडच्या एका दवाखान्यात सिझर झालं. मुलगी, दोन किलो सातशे ग्रॅम. नाव पुढे ओवी ठेवलं. टाके दुखत होते, कूस बदलता येत नव्हती, आणि दूध उतरायला चौथा दिवस उजाडला. पाचव्या दिवशी घरी आलो. कानाला फडकं, बाजेखाली शेगडी, आळीवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं रीतसर सुरू झालं.

बघायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाचा चेहरा बघायची आणि लगेच मला विचारायची, "दूध हाय का?" लाइट आहे का विचारावं तसं. मी म्हणायचे हाय. मग ती आईकडे वळून म्हणायची, "मग रडती का ती एवढी?" दिवसाला पाच बायका धरल्या तर आठवड्यात पस्तीस वेळा मी हा प्रश्न ऐकला. त्यातल्या एकीनेही बाळ छातीला नीट लागलंय का ते बघितलं नाही. मीही बघितलं नाही, कारण नीट लागणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ओवी फक्त टोक धरून चोखायची, मला कळ यायची, मी दात-ओठ खाऊन पाजायचे आणि ती दहा मिनिटांत झोपून जायची. तासाभराने पुन्हा रडणं.

चौदाव्या दिवशी टाके दाखवायला गेलो तेव्हा तिचं वजन केलं. दोन किलो पाचशे. जन्मली त्यापेक्षा कमी. सिस्टर म्हणाली, "दूध पुरत नसेल. चार दिवसांनी परत आणा." आम्ही घरी आलो आणि परत नेलंच नाही. कारण घरी येता येता मला एक अक्कल सुचली.

गाय की म्हैस

अक्कल माझीच होती, हे आधी कबूल करते. पुढे सगळ्यांनी आईला बोल लावला म्हणून सांगते. मी म्हणाले, "आई, आपल्याकडं मशीन असताना अंदाज कशाला करायचा?"

आई आधी हसली. मग म्हणाली, "तुझ्या अण्णांना सांगू नको."

संध्याकाळचं संकलन संपलं, अण्णा कॅन घेऊन पिकअप गाडीकडे गेले, तेव्हा मी खोलीत बसून स्टीलच्या वाटीत कसंबसं दूध पिळलं. बाळाला पाजायच्या आधीचं, पहिल्या धारेचं. आईने ते पदराआड नेलं. मशीनने आधी सभासद नंबर विचारला, तिने घरचाच घातला. मग मशीनने विचारलं, गाय का म्हैस. आईने गाय दाबलं.

पावती घेऊन ती आत आली. फॅट एक पॉइंट आठ. डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, इतकी कमी की गावातल्या कुणी असलं दूध आणलं असतं तर अण्णांनी चारचौघांत झापला असता. पाण्याच्या रकान्यात भलामोठा आकडा. आई बाजेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "पाणीच हाय गं नुसतं."

आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नाही. मी पावती हातात धरून बसले होते आणि मला ढसाढसा रडू आलं. पोरीला चौदा दिवस आपण पाणी पाजलं, असं वाटलं. ते मशीन गाईम्हशींच्या दुधासाठी बसवलेलं आहे, माणसाच्या दुधाला त्यात जागाच नाही, एवढी साधी गोष्ट क्वालिटीत काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात आली नाही. चुकीच्या गेजला पार्ट लावला तर चांगला पार्टसुद्धा रिजेक्ट होतो, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. त्यातही पहिल्या धारेचं दूध पातळच असतं, फॅट शेवटच्या धारांत. हे तर आईला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. किटलीतलं दूध ढवळल्याशिवाय ती कधी नमुना घेत नाही. पण लेक आणि नात समोर असली की माणसाला रोजचं कामही आठवत नाही, असंच काहीतरी झालं असावं.

मी संदीपला फोन लावला. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. सुट्टीला येताना पावडरचा डबा घेऊन येतो." दोन दिवसांनी तो आला, डबा आला, आणि मी ओवीला अंगावर घेणं जवळजवळ बंद केलं.

शांत बाळ

डब्यावर लिहिलं होतं, तीस मिली पाण्याला एक सपाट चमचा. मी टाक्यांमुळे फारशी उठत नव्हते, दूध आई बनवायची. पाणी उकळायची, निववायची, वाटी-चमचे उकळून घ्यायची, स्वच्छतेत काडीची कसूर नाही. फक्त साठ मिली पाण्याला ती एकच चमचा टाकायची. लहान बाळाला गाईचं दूध देताना अर्धं पाणी घालायचं, हे तिच्या हाताला पंचवीस-तीस वर्षांपासून ठाऊक. मला आणि माझ्या भावाला तिने असंच वाढवलं होतं. पावडर म्हणजेही दूधच, मग ते जड पडणार, असा तिचा हिशेब.

ओवी दोन दिवसांत शांत झाली. रडणं कमी, झोप जास्त. बायका म्हणाल्या, बघा, आता पोट भरतंय. मलाही बरं वाटलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ती शांत झाली नव्हती, तिच्या अंगात रडायचं बळ राहिलं नव्हतं. हे वाक्य मी अजून मनात पुरतं उच्चारू शकत नाही.

इकडे माझी छाती भरू लागली. दूध 'पाणी' असलं तरी ते यायचं थांबलं नव्हतं. डावी बाजू आधी जड, मग टणक, मग लाल. हुडहुडी भरून ताप आला. आईने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "दगडी झालीया."

गाईची कास सुजून दगडासारखी घट्ट होते, त्याला आमच्याकडे दगडी म्हणतात. दुधाच्या घरात या रोगाची सगळ्यांना धास्ती. अशा गाईची धार वेगळी काढून ओतून द्यायची, वासराला तिच्या कासेला लागू द्यायचं नाही. आईने मला तसंच सांगितलं. "पोरीला आजिबात लावू नको. नासलेलं जाईल प्वाटात." गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेव्हा ती आणखी ठाम झाली. "औषध चालू हाय तवर दूध डेअरीला बी घालत न्हाईत. लेकराला कसं घालायचं?"

मला ते पटलं. सगळं इतकं बरोबर वाटत होतं. मी थोडं थोडं पिळून टाकत होते, पण दुखणं असं की हात लावला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्यामुळे पिळणंही निम्म्यावरच सुटायचं. आंबेहळदीचा लेप लावला, गरम फडक्याने शेकलं. डाव्या बाजूला एक जागा काळसर होऊन चकाकायला लागली.

सत्ताविसावा दिवस

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मी उठून उभी राहिले आणि खाली बसले. अण्णांनी कुणाचं काही ऐकलं नाही. दुधाच्या पिकअपमध्ये पुढे मला आणि आईला बसवलं, ओवी आईच्या मांडीवर, आणि थेट दौंड. गाडीत ते एकच वाक्य बोलले, "ह्या बायांच्या लाजंपायी माणूस मरायचं एक दिवशी."

डॉक्टर मॅडमनी छातीला बोट लावलं मात्र, मी ओरडले. त्या म्हणाल्या, "गळू आहे. पू झालाय. आजच कापून काढावं लागेल." मी मान डोलावली. मग त्यांचं लक्ष ओवीकडे गेलं. "हिला काट्यावर ठेवा बरं."

दोन किलो पाचशे चाळीस.

मॅडमनी काट्यावरचा आकडा लिहून घेतला. मग आईकडे वळल्या. "आजी, दूध कोण बनवतं?"

"मीच की."

"कसं बनवता, सांगा."

आईने सगळं सांगितलं. उकळणं, निववणं, वाटी-चमचे उकळणं. आणि म्हणाली, "साठाला एक चमचा."

"साठला दोन लागतात, आजी."

"जड पडंल म्हणून..." आई बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, ओवीकडेही नाही. मशीनच्या पावतीची गोष्ट मी त्याच वेळी सांगून टाकली, म्हणजे निदान अर्धा दोष माझ्याकडे येईल असं वाटलं. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण हसल्या नाहीत, आणि रागावल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या दुधाला काही झालं नव्हतं. बाळ नीट लागत नव्हतं, एवढंच. आणि छाती सुजली तर बाळाला तोडायचं नसतं, उलट पाजत राहायचं असतं. दूध अडलं की त्याचंच गळू होतं. चालतील अशी औषधं आम्ही देतो." मग माझ्या दंडावर हात ठेवला. "आता मला दोन पेशंट भरती करायचेत. तिला आधी पोटभर मिळू दे. कुठलं दूध ते नंतर बघू."

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती कापण्याची नव्हती वाटली. ओवीच्या हाताला सुई लावायला दोघी सिस्टर शीर शोधत होत्या आणि ती रडत नव्हती, याची वाटली.

ड्रेसिंग

गळू कापणं भूल देऊन होतं, त्यात काही कळत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशीच्या ड्रेसिंगला. जखम शिवत नाहीत, उघडी ठेवून आत पट्टी भरतात आणि रोज ती काढून नवी भरतात. सकाळी साडेदहाला ड्रेसिंगच्या मावशी ट्रॉली घेऊन यायच्या. चाकांचा आवाज आला की मी उशीचं टोक मुठीत धरायचे. मावशी म्हणायच्या, "वरड गं, वरड. कोण काय म्हणत न्हाई. शेजारच्या वार्डात सासवा हायत, त्यांना बी ऐकू जाऊ दे." मी ओरडतानाही हसायचे.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. जखमेतून दूध येतं. पट्टी काढली की पुवामागून पांढरं दूध ओघळतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले, मग मला फार वाईट वाटलं. पोरगी पलीकडे वाटी-चमच्याने पावडरचं पीत होती आणि इथे तिचं दूध गॉजमध्ये जात होतं.

ओवीचं दूध आता सिस्टर बनवायच्या. चमचा भरून वरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा, आधी पाणी मापायचं, मग पावडर. दोन दिवसांनी ओवीने पहिल्यांदा खणखणीत टाहो फोडला. अख्ख्या वॉर्डात मी एकटीच खूश होते.

तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने ओवीला माझ्या उजव्या बाजूला लावून दाखवलं. तिचं पोट माझ्या पोटाला, हनुवटी टेकलेली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम जवळ घ्यायचं. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. पाच मिनिटांचं काम. ती लागली, आणि दुखलं नाही. पहिले दोन आठवडे मी जे सोसलं ते असायलाच हवं असं धरून बसले होते.

मी आईला जे बोलले

आई दवाखान्यातच होती. डबा, कपडे, औषधं सगळं करायची, पण पावडरच्या डब्याला हात लावायची नाही. सिस्टर नसल्या तर दाराशी जाऊन हाक मारून यायची. माझ्याशी जेवढ्यास तेवढं.

चौथ्या दिवशी कवठ्याहून सासूबाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी ओवीला उचललं, तिच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "आमच्याकडं ठेवली असती तर ही पाळी आली नसती. आम्ही काय न्हाई पाजली लेकरं?" आई पिशवीतली भाकरी काढत होती, तशीच थांबली.

मी त्या वेळी आईची बाजू घ्यायला हवी होती. मशीनची अक्कल माझी होती. पण सकाळचं ड्रेसिंग झालेलं, अंग ठणकत होतं, आणि चार दिवस आत साठलेलं काहीतरी सुटलं. मी आईला म्हणाले, "पाणी घातलेलं दूध आणलं म्हणून लोकांच्या किटल्या परत धाडतीस ना? मग माझ्या पोरीलाच पाणी कसं पाजलंस?"

आईने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली आणि बाहेर गेली. व्हरांड्यात बाकावर बसलेली तिची पाठ मला दिसत होती. मी माफी मागितली नाही. त्या दिवशीही नाही, घरी गेल्यावरही नाही. मी चुकले होते हे मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मात्र खरं.

आत्याच थोड्या वेळाने बाहेर गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. काय बोलल्या माहीत नाही. परत आल्यावर मला म्हणाल्या, "लई बोललीस तू. माझं काय, मी सासू हाय, मला बोलायचा हक्क हाय. तुला न्हाई." आत्यांचा न्याय असा आहे.

निवड

सहाव्या दिवशी मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. दूध बंद व्हायची गोळी घ्यायची, मग जखम लवकर भरेल आणि ओवी पूर्ण पावडरवर वाढेल. किंवा उजव्या बाजूने पाजत राहायचं, कमी पडेल ते पावडरचं द्यायचं, डावी बाजू गळत राहील आणि जखमेला काही आठवडे जास्त लागतील. "अंगावरचं दूध चांगलंच, ते मी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण पावडर नीट मापाने दिली तर बाळ तिच्यावरही वाढतं. तुम्हाला काय झेपेल ते तुम्ही सांगा."

मत प्रत्येकाचं होतं. आत्या म्हणाल्या, आईचं दूध ते आईचं दूध, पावडर बंदच करा. संदीप सेकंड शिफ्ट टाकून दुपारी आला होता, तो म्हणाला, "गोळी घे आन् मोकळी हो. तुला रोज असं वरडताना बघवत न्हाई." अण्णा म्हणाले, डॉक्टर म्हणतील तसं. आई काहीच म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाबतीत तिचं मत नव्हतं, आणि ते मला आत्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी दुसरा रस्ता घेतला. त्यात मोठेपणा काही नाही. उजव्या बाजूला ओवी नीट लागायला लागल्यापासून ती पीत असताना मला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढाच वेळ मी पेशंट नसायचे. आणि पावडर सोडायची मला भीती वाटत होती, कारण ओवीचं वजन पावडरमुळेच चढत होतं. दोन्ही माझ्या सोयीचं होतं. माझ्या शेजारच्या कॉटवरच्या बाईने असंच गळू झाल्यावर गोळी घेतली. तिचा मुलगा आज गुटगुटीत आहे, फोटो पाठवत असते. तिचंही बरोबर होतं.

जखम भरायला सात आठवडे लागले. डाव्या बाजूचं दूध हळूहळू आटलं. बारशाच्या वेळी मी ब्लाउजच्या आत पट्टी लावून बसले होते आणि बायका विचारत होत्या, "आता हाय का दूध?" मी म्हणाले, "एकीकडं हाय, एकीकडं न्हाई, आन् राहिलेलं डब्यात हाय." त्यानंतर कुणी विचारलं नाही.

तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा तीन-चारच गोष्टी आहेत. दुखत असेल तर पाजायची पद्धत चुकत असेल, लगेच कुणाला तरी दाखवा. गाठ आणि ताप आला तर लेप लावत बसू नका. वजनाला बोलावलं की जा. आणि डब्यावरचं माप एकदा बनवणाऱ्या माणसासोबत बसून वाचा, मग तो माणूस कितीही अनुभवी असो.

कामावर

सहा महिन्यांनी रजा संपली. ओवी सहा किलो आठशे झाली होती, भाताची पेज खात होती. शिक्रापूरला तिला सांभाळायला पंधरा दिवस आई, पंधरा दिवस आत्या असं ठरलं. पहिली पाळी आईची आली.

दवाखान्यातल्या त्या दिवसापासून आईने पावडरच्या डब्याला हात लावला नव्हता. खुटबावला मी बनवायचे, कवठ्याला आत्या, शिक्रापूरला मी किंवा संदीप. आई समोर असली तर पाणी उकळून ठेवायची आणि बाजूला व्हायची. आम्ही दोघींनी यावर एक शब्द काढला नव्हता.

कामावरच्या पहिल्या दिवशी मी सकाळी ओवीला पाजलं, गणवेश घातला. संदीप आधीच गेला होता. आईने ओट्यावर पाणी निववून ठेवलं होतं. मी डबा उचलला आणि तिच्यापुढे ठेवला.

"तू बनव," मी म्हणाले.

"तू जाताना करून ठेव ना."

"करून ठेवलेलं चालत न्हाई. ती मागंल तवा ताजं करायचं."

तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग उघडलं. "साठाला दोन," ती म्हणाली.

"व्हय."

"एकशेवीसला चार."

"व्हय."

तिने चमचा भरला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला. थोडी पावडर ओट्यावर सांडली. तिने ती पुसली, चमचा पुन्हा भरला. "बघ की गं एकदा, बरोबर हाय का," ती म्हणाली.

मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. माझे डोळे आपोआप त्या चमच्याकडे जात होते. पण खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, आणि मी चपला घालायला वळले. "तुझं बरोबरच असणार," मी म्हणाले आणि जिना उतरले.

बसमध्ये मी फोन हातातच धरून बसले, पण लावला नाही. लाइनवर गेल्यावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काढला तर आईचे दोन मिस्ड कॉल. लावला.

"प्यायली," आई पलीकडून म्हणाली, माझं हॅलो होण्याआधीच. "एकशेवीस. चार चमचे, सपाट. दोन येळा मोजले. थेंब ठिवला न्हाई तिनं. आता झोपलीया."

मागून कॅन्टीनमधल्या ताटांचा आवाज येत होता. पाच महिने जी माफी मागायची राहिली होती ती आत्ताही ओठांवर येईना.

"आई, तू जेवलीस का?" मी विचारलं.

"न्हाई अजून. हिच्यापाशीच बसलीया."

"जेव मग आधी," मी म्हणाले. "मी थांबते फोनवर."

ती उठली. भांड्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा आला, आणि मग बराच वेळ ती नुसती खात होती आणि मी ऐकत होते.